एक लांब, दोन आखूड

“आणि मी वाजवतच राहिले, तर तुला कळायचं कसं गं?”

इल्माआत्यांनी हे विचारलं तेव्हा मी टेबलाखाली गुडघे टेकून बसले होते आणि फोनची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात बसवत होते. टीगन आत्यांच्या मांडीवर होती आणि त्यांच्या चष्म्याची दोरी चघळत होती. मी डोकं बाहेर काढून हसले.

“आत्या, वाजवत कशाला राहायचं? यंत्र दोन घंट्यांनंतर आपोआप उचलतं. तुम्ही बोला. तुमचं बोलणं जसंच्या तसं त्यात राहतं. घंटीपेक्षा हे बरं नाही का?”

“तू असशील का पलीकडे?”

“मी नंतर ऐकेन.”

“नंतर,” त्या म्हणाल्या, आणि टीगनच्या तोंडातून दोरी काढून घेतली. “बरं.”

आत्यांचं ‘बरं’ हे होकार नसतं, एवढं मला लग्नाला चार वर्षं झाल्यावर कळायला हवं होतं. पण मी घाईत होते. टीगन झोपायच्या आत मला ते सगळं सुरू करून बघायचं होतं.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डेलच्या, आत्या. लग्न केलेलं नाही. मुलारीच्या जुन्या पोस्टाच्या घरात एकट्या राहायच्या, आमच्या शेतापासून कच्च्या रस्त्यानं अकरा किलोमीटर. वय ऐंशी. त्या घराच्या पुढच्या खोलीत एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि तीस वर्षं आत्या तिथे कानाला यंत्र लावून बसायच्या. या शेतावरनं त्या शेतावर फोन लावायचा तर भिंतीवरच्या फलकात वायरीचं टोक आत्यांनी इथून काढून तिथे खोचायचं. तो फलक कधीच गेला. भिंतीत त्याची भोकं आहेत, आत्या त्यांत सुया आणि दुकानाच्या चिठ्ठ्या खोचून ठेवायच्या.

रोज सकाळी साडेसातला आमचा फोन तीनदा वाजायचा आणि बंद पडायचा. आम्ही उचलायचा नाही. तीन घंट्या म्हणजे इल्माआत्या उठल्यात, चूल पेटली आहे, सगळं ठीक. न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्या भागातली सगळी म्हातारी माणसं हेच करतात. आणि फोन तीनवर थांबला नाही, वाजतच राहिला, तर काहीतरी बिघडलंय, गाडी काढा. चार वर्षांत तो कधीच चौथ्यांदा वाजला नव्हता.

मी रेकॉर्ड करायला लागले त्याचं कारण टीगन. मे महिन्यात, सहा महिन्यांची असताना, तिला तापात झटका आला. डेल खाणीवर होता. तो दोन आठवडे तिकडे असतो आणि एक आठवडा घरी. पोरीचे डोळे वर गेले, हात-पाय ताठ झाले, आणि मी फोनवर शहरातल्या दवाखान्याच्या नर्सला ओरडून सांगत होते. मॅरियन तिचं नाव. तिनं मला शांतपणे सगळं सांगितलं: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. झटका तीन मिनिटांत थांबला. मग पुढे काय करायचं तेही तिनं सांगितलं. मी फोन ठेवला आणि मला त्यातलं निम्मंही आठवेना. अंग पुसायचं ते कोमट पाण्यानं म्हणाली की गार? औषध चार तासांनी की सहा? मी विद्यापीठात शिकलेली बाई. लग्नाआधी ॲडलेडच्या एका ग्रंथालयात लोकांना माहिती शोधून द्यायचं काम करत होते. आणि माझ्याच मुलीबद्दलची चार वाक्यं मला धरून ठेवता आली नाहीत.

कॉम्प्युटर डेलनं एप्रिलमध्ये कुणाकडून तरी जुना आणला होता. एका मासिकाबरोबर आलेल्या तबकडीवर तो प्रोग्रॅम होता. फोन उचलणारा, समोरच्याचं बोलणं साठवणारा, आणि मी लावलेला फोनही साठवणारा. मासिक ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानदारानं एवढंच बजावलं होतं, “समोरच्याला सांगायचं बरं का, कायदा आहे.” म्हणून मी माझ्या आवाजात निरोप भरला: “नमस्कार, क्लायनिगांचं घर. तुमचं बोलणं रेकॉर्ड होतंय. टिंग वाजलं की बोला.” मागे टीगन ‘बा बा बा’ करत होती, तेही त्यात आलं.

मॅरियनला सांगितलं तर ती म्हणाली, “कर गं बाई रेकॉर्ड. कुणीतरी माझं ऐकून ठेवतंय. घरी कुत्रंसुद्धा ऐकत नाही.”

प्रत्येक फोनची पडद्यावर एक ओळ उमटायची. तारीख, वेळ, किती मिनिटं, किती सेकंद. ओळीवर टिचकी मारली की आवाज. पहिले काही दिवस मी फक्त मॅरियनचे फोन ऐकायचे. झटका आल्यावर काय करायचं ते मला तोंडपाठ झालं, तरी ऐकायचे. मग आईचे. मग डेलचे. दुपारी टीगन झोपली की मी चहाचा कप घेऊन तिथे बसायचे. बाहेर वारा, टाकीवरच्या पत्र्याचा आवाज, आणि खोलीत माझी माणसं बोलतायत. घर भरल्यासारखं वाटायचं. त्यांना माझ्याकडून उत्तर नको असायचं हेही त्यातलं एक सुख होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

डेल पहिल्याच बुधवारी खाणीवरून फोनवर म्हणाला, “होतंय का रेकॉर्ड?”

“हो.”

“मग मी प्रेमाचं काही बोलत नाही बुवा. उद्या टीगन मोठी होऊन ऐकायची.”

“आधी तरी कुठे बोलायचास?”

“आधी बोलणार होतो,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. ते हसणं आहे त्या फाइलमध्ये. पण त्यानंतरचे त्याचे फोन बघितले तर पंप चालू आहे का, टाकीत किती पाणी आहे, मेंढ्या रस्त्यावर आल्या का, एवढंच. माणूस जपून बोलायला लागला. मीही. आईनं तर एकदा फोन उचलल्या उचलल्या घसा साफ केला, जशी भाषणाला उभी राहिली होती.

जूनमध्ये आत्या रविवारच्या जेवणाला आल्या. येताना त्यांनी नेहमीसारखा साखरेच्या चुऱ्याचा केक आणला होता. डेल घरी होता, त्याने कोकराचं मांस भाजलं होतं. जेवण झाल्यावर मी त्यांना ती ओळींची यादी दाखवली. माझा उत्साह जास्तच होता.

“हे बघा आत्या, हे तुम्ही. सात एकतीस, नऊ सेकंद. सोमवारी सात तीस, आठ सेकंद. रोज आहात तुम्ही. पण बोलत का नाही?”

“काय बोलू?”

“काहीही. उठले, चहा घेतला.”

“पलीकडे कुणी नसताना?” आत्या हसल्या. “आमची नोकरी गेली असती गं. लाइन उघडायची, ‘कोण आहे’ विचारायचं, कुणी नसलं तर लाइन सोडायची. रिकाम्या तारेत बोलणारी बाई म्हणजे खुळी, असं होतं आमच्यात.”

“पण मी नंतर ऐकते ना.”

“तीस वर्षं ह्या मुलखातलं प्रत्येक घर माझ्या कानात होतं, ब्रॉन. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या पोराला काय झालं. त्यातलं एक वाक्य माझ्या तोंडून बाहेर गेलं नाही.”

“मी तरी कुठे बाहेर काढतेय? घरातच ठेवतेय.”

“ठेवतेयस ना. आम्ही ठेवतही नव्हतो.”

डेल भांडी धुता धुता ओरडला, “आत्या, ती माझं घोरणंसुद्धा ठेवेल, तू कशाला घाबरतेस!”

“तुझं घोरणं मुलारीपर्यंत येतंच,” आत्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी टीगनला खेळवताना एक खेळ काढला. टेबलावर बोटाच्या पेरानं ठोकायचं. एक लांब, दोन आखूड. लांब म्हणजे नखानं लाकडावरून ओढलेली रेघ, आखूड म्हणजे टकटक. टीगन खिदळायची आणि पुन्हा पाहिजे म्हणून टेबलावर थापा मारायची.

“ही काय भाषा?” मी विचारलं.

“ही तुमच्या ह्या घराची घंटी. पूर्वी एका तारेवर आठ आठ घरं असायची. घंटी सगळीकडे वाजायची. आपली कोणती, ते ओळखून उचलायचं. नोस्क्यांची दोन आखूड एक लांब. शाळेची तीन लांब. आपली, क्लायनिगांची, एक लांब दोन आखूड. मी इथे जन्मले, ह्याच घंटीवर धावत मोठी झाले. मग तिकडे नोकरीला बसले आणि आयुष्यभर हीच घंटी तिकडून वाजवली. माझी आई उचलायची. मग वहिनी.” त्यांनी टीगनचं बोट धरून पुन्हा ठोकलं. “आता मशीन.”

डेलनं माझ्याकडे बघितलं. मी उठून चहा ठेवला.

जुलैत मी आणखी एक गोष्ट केली. टीगनला दात येत होते, ती सकाळी उशिरापर्यंत झोपायची आणि फोन वाजला की दचकून उठायची. मग मी फोनची घंटीच बंद करून टाकली. यंत्र उचलतंच आहे, मग आवाज कशाला? ओळ उमटते, मी बघते. पहिल्याच दिवशी पोरगी आठपर्यंत झोपली. मला वाटलं, इतकं साधं होतं तर आधीच का नाही केलं!

यंत्र येण्याआधी आत्यांच्या तीन घंट्या झाल्या की कधी कधी मी दहाच्या सुमाराला त्यांना उलटा फोन करायचे. “उठलात ना?” “नाही, झोपेतच घंटी वाजवली,” असं काहीतरी. अर्धा तास जायचा. यंत्र आल्यावर ते कधी थांबलं, मला सांगता येत नाही. ओळ होती, म्हणजे आत्या ठीक. मग फोन कशासाठी करायचा?

ऑगस्टच्या अकरा तारखेला, बुधवारी, टीगनचं अंग पुन्हा तापलं. पहाटेपासून ती कुरकुरत होती. मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरत होते आणि दर पाच मिनिटांनी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. साडेसात वाजून गेल्यावर कॉम्प्युटरपुढून गेले. पडद्यावर नजर टाकली. सात एकतीस. ओळ होती. किती सेकंदांची, ते मी बघितलं नाही. तेवढंच ते माझं रोजचं बघणं होतं आणि ते झालं होतं.

आठला मी मॅरियनला फोन लावला. ताप किती, दूध घेते का, मान ताठ आहे का. वीस मिनिटं बोललो. तिनं सांगितलं तसं केलं. टीगनला औषध दिलं, पुसून काढलं, ती माझ्या अंगावरच झोपली, आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. हलले तर ती उठेल. अकराला ताप उतरला. तिनं थोडं दूध घेतलं. मी पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं. तारेवर करड्या-गुलाबी गाला पोपटांची रांग बसली होती, नेहमीसारखी.

एक वाजता मला पुन्हा तेच झालं. पुढचं औषध चार तासांनी म्हणाली की सहा? मी स्वतःवरच हसले. आता कसली काळजी, रेकॉर्ड आहे. टीगनला कडेवर घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले आणि मॅरियनची ओळ शोधायला लागले.

मॅरियनच्या वर ओळी होत्या.

सात एकतीस, दोन मिनिटं. सात चौतीस, दोन मिनिटं. सात अडतीस, दोन मिनिटं. सात त्रेचाळीस. यंत्र दोन मिनिटांनी आपोआप तोडायचं, म्हणून सगळ्या दोन मिनिटांच्या. मग मॅरियनशी माझी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत फोन करणाऱ्याला लाइन बिझी मिळाली असणार. मग आठ चोवीस. आठ एकोणतीस. आठ बेचाळीस. त्याच्यानंतर काही नाही.

मी पहिल्या ओळीवर टिचकी मारली.

आधी माझाच आवाज. नमस्कार, क्लायनिगांचं घर. टीगनचं बा बा बा. टिंग. मग काहीच नाही. शांतता म्हणावी तर शांतताही नव्हती, कुणीतरी तोंड उघडं ठेवून श्वास घेत होतं. दूर कुठेतरी घड्याळ. घशातून एक आवाज आला, शब्द नाही, शब्दाचा नुसता आकार. मग लाकडावर खरवडल्यासारखं झालं. लांब. टक. टक.

माझ्या कडेवरची टीगन हसली. तिनं टेबलावर थाप मारली.

लांब. टक. टक. पुन्हा. पुन्हा. दोन मिनिटं संपेपर्यंत.

दुसरी ओळ मी ऐकली नाही. टीगनला गोधडीत गुंडाळून गाडीत टाकलं. निघण्याआधी रुग्णवाहिकेला फोन केला होता की गाडीत बसल्यावर पुन्हा उतरून केला, आठवत नाही, पण केला, कारण त्याचीही ओळ आहे: एक चार, अठ्ठेचाळीस सेकंद. त्यात मी मुलारीचा पत्ता दोनदा सांगते आणि शेवटी म्हणते, “हे रेकॉर्ड होतंय.” कायदा आहे ना.

अकरा किलोमीटर. इतक्या वर्षांत तो रस्ता मला कधी लांब वाटला नव्हता.

आत्यांचं दार कधी कुलपात नसतं. चूल विझलेली होती. त्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर, टेबल आणि कपाटाच्या मधे, उजव्या कुशीवर पडल्या होत्या. फोन वायरीसकट खाली ओढलेला. डेलनं त्यांना मोठ्या बटणांचा फोन आणून दिला होता. त्यातल्या सगळ्यात वरच्या बटणात आमचा नंबर भरलेला होता आणि ते बटण त्यांच्या डाव्या हाताजवळ होतं. अंगात झोपायचा फ्लॅनेलचा गाऊन. डोळे उघडे. तोंड एका बाजूला ओघळलेलं.

मी वाकले. “आत्या, मी आले. ब्रॉन. मी आले.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं. मग डाव्या हाताचं बोट जमिनीच्या फळीवर ओढलं. नख तुटून रक्त सुकलं होतं, पेर सुजून लाल झालं होतं. लांब. टक. टक.

मी तो हात धरला. “उचलला, आत्या. उचलला फोन. थांबा आता.”

तरी बोट माझ्या तळहातात हलतच होतं.

गावातल्या स्वयंसेवकांची रुग्णवाहिका आली, मग धावपट्टीवर डॉक्टरांचं विमान, मग ॲडलेड. मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टर सभ्य होते, दोषाचं काही बोलले नाहीत. मीच विचारलं, “सकाळी साडेसातला आणलं असतं तर?” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “लवकर आणलेलं नेहमीच चांगलं.” मी ते रेकॉर्ड केलेलं नाही, तरी त्यातला एकही शब्द विसरले नाही.

आत्या जगल्या. उजवा हात आणि बोलणं गेलं.

त्या आठवड्यात डेल आला तेव्हा त्याला मी सगळं सांगितलं. घंटी मी बंद केली होती हेही. सेकंद बघितले नाहीत हेही. तो टीगनच्या केसांत बोटं घालून बसून राहिला.

“तुझी चूक आहे असं मी म्हणणार नाही,” तो म्हणाला.

“नको म्हणूस. पण नाही असंही म्हणू नकोस.”

“नाही म्हणत.” मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “तिचा आवाज असेल का गं त्यात? चांगली होती तेव्हाचा?”

मला वाटलं, असणारच. माझ्याकडे सगळ्यांचे आवाज आहेत. खत विकणाऱ्या माणसाचा आहे, चुकून लागलेल्या नंबरवरच्या बाईचा आहे. आम्ही बसून एकेक ऐकत गेलो. त्रेपन्न सकाळी. नमस्कार, क्लायनिगांचं घर, बा बा बा, टिंग, आणि खटका. पुन्हा तेच, पुन्हा खटका. एकात मागे किटलीची शिट्टी आहे. एकात त्यांची कोंबडी. एकोणिसाव्यात त्या श्वास घेतात, बोलायच्या आधी माणूस घेतं तसा. डेल पुढे झुकला. मग खटका.

रिकाम्या तारेत आत्या बोलल्याच नाहीत. रोज सकाळी मी आहे का बघायच्या आणि मी नाही म्हणून लाइन सोडायच्या. जूनमध्ये जेवणाच्या टेबलावर त्या इतकं बोलल्या, नोस्क्यांची घंटी, शाळेची घंटी, त्यातलं काही कुठे नाही. आम्ही समोरासमोर होतो, म्हणून नाही.

तो प्रोग्रॅम मी काढून टाकला. फोन पुन्हा वाजतो. टीगन दचकते, दचकू दे.

आता आम्ही खाणीच्या गावात राहतो, डेल रोज संध्याकाळी घरी येतो. शेत भाड्यानं दिलंय. आत्या स्ट्रीकी बे नावाच्या गावी, समुद्राजवळच्या वृद्धाश्रमात आहेत, इथून गाडीनं सात तासांवर. निघण्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. त्या खिडकीजवळ खुर्चीत होत्या, समुद्राकडे नाही, दाराकडे तोंड करून. माझ्याकडे बघितलं, पण डोळ्यांत ओळख होती की नाही, कळेना. नर्स म्हणाली, “हल्ली असंच असतं.” मी खूप बोलले. टीगनबद्दल, पोटातल्या बाळाबद्दल, त्यांचा तो चुऱ्याचा केक माझ्याच्यानं कसा फसतो त्याबद्दल. काही नाही. शेवटी उठताना मी त्यांच्या खुर्चीच्या लाकडी हातावर ठोकलं. एक लांब, दोन आखूड.

आत्यांनी डावा हात उचलला आणि मूठ करून कानाशी नेली. फोन उचलतात तशी. आणि वाट बघत राहिल्या.

“मी बोलतेय, आत्या,” मी म्हणाले. “मी आहे इकडे.”

त्यांनी मान डोलावली. ‘बरं’ म्हणाल्यासारखी. हे ‘बरं’ होकाराचं होतं, निदान मला तसं वाटलं.

आता रोज सकाळी साडेसातला मी तिकडे तीन घंट्या वाजवते आणि ठेवते. खोलीतला फोन कुणी उचलायचा नाही, असं सांगून ठेवलंय. आत्यांना ऐकू जातं का, गेलं तर हात उठतो का, मला माहीत नाही. आठवड्यातून एकदा विचारते. उत्तर येतं, “ठीक आहेत हो, खिडकीत बसल्यात.” तिथल्या नर्स पोरी कामाच्या ओझ्याखाली असतात आणि खरंच सांगतात. पण ‘ठीक आहेत’ हीसुद्धा एक ओळच आहे, आणि नुसती ओळ बघून मी एकदा पुढे निघून गेले होते. डॉक्टरांनी मला बाळ होईपर्यंत एवढ्या लांबच्या रस्त्यावर जायचं नाही असं सांगितलंय. डेलला सुट्टी ख्रिसमसला.

तेव्हा हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर एवढं करा. दाराशी इल्मा क्लायनिग म्हणून विचारा, कॉरिडॉरच्या शेवटची खोली. दारातूनच बघून परत फिरू नका. आत जा, बसा, आणि खुर्चीच्या लाकडावर ठोका, एक लांब, दोन आखूड. हात कानाशी गेला तर काहीतरी बोला. काहीही चालेल, हवापाणी, रस्ता. पलीकडे कुणी आहे एवढं त्यांना कळू द्या. आणि हात उठला नाही, तर तिथूनच मला फोन करा, नंबर नर्सकडे आहे. मी उचलेपर्यंत वाजू द्या.